कमलाकरांचा वन्समोर

कार्यक्रमाच्या पुस्तिकेत छापलंय ते असं: ऑपेरातले जगप्रसिद्ध टेनर गायक यशोधन माईणकर यांचा जन्म सिंगापूरचा. गाण्याचं बाळकडू वडील कमलाकर यांच्याकडून. मिलान, व्हिएन्ना, न्यूयॉर्कमध्ये नायकाच्या भूमिका. आज प्रथमच जन्मगावी.

वन्समोर.

जन्म सिंगापूरचा, हे खरं. बिशानच्या फ्लॅटमध्ये कमलाकर रविवारी नाट्यपदांच्या कॅसेट लावायचे. एखादी जागा आवडली की सोफ्यावरून एकटेच "वन्समोर!" ओरडायचे आणि टेप मागे न्यायचे. बाळकडू एवढंच. शाळेच्या क्वायरमधून मुलगा ऑपेराकडे वळला तेव्हा म्हणाले, "हे गाणं नाही, बोंब आहे. समेवर कोण येणार, तुझा काका?"

मुलाचा एकही प्रयोग त्यांनी पाहिला नाही. त्याने व्हिएन्नाचं तिकीट पाठवलं, तर गुडघे दुखतात म्हणाले. त्याच महिन्यात पुण्याला जाऊन तीन संगीत नाटकं पाहून आले.

वन्समोर. आजची दुपार.

जुरोंग ईस्टचं हॉकर सेंटर, खाण्याच्या टपऱ्यांची गर्दी. बहीण विभा बँकेतून तासभर निसटून आलेली. यशोधनसमोर नुसतं गरम पाणी.

"ताई, स्वरयंत्रावर गाठ आहे. शेवटच्या गाण्यातला वरचा सूर आता दिवसातून एकदाच लागतो. दुसऱ्यांदा नाहीच, कॅनॉट लाह."

"मग रद्द कर."

"व्हिएन्नाचा माणूस तिसऱ्या रांगेत बसणार आहे. आज लागला तर पुढचे करार होतील, मग सुट्टीत गुपचूप ऑपरेशन. नाही लागला तर सगळ्या जगाला कळेल."

"बाबा येतायत."

"गुडघे?"

"आज दुखत नाहीयेत म्हणे."

तो हसला. मग पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "खरंच येतायत?"

संध्याकाळ.

सूर लागला. बाल्कनीत विभाने श्वास धरला होता. यशोधनने सोडला तेव्हा तिनेही सोडला. टाळ्या. तिसऱ्या रांगेतला माणूसही हात वर करून टाळ्या वाजवत होता. झालं. निभावलं.

शेजारी कमलाकर पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. डोळे भरलेले.

"विभा, हा असा गातो?"

"बसा, बाबा."

"अगं, मला कुणी सांगितलं नाही!"

"बाबा, हात जोडते, बसा..."

"वन्समोर!"

मागे महाराष्ट्र मंडळाच्या दोन रांगा होत्याच. त्यांनी शब्द उचलला. शब्द मुळात इंग्रजीच. वाद्यवृंदाच्या संचालकालाही कळला. त्याने हसून यशोधनकडे पाहिलं.

यशोधनने वाकून नमस्कार केला असता आणि आत गेला असता, तर कुणी काही म्हटलं नसतं. विभा जिवाच्या आकांताने मान हलवत होती, नाही, नाही. त्याची नजर तिच्यावर नव्हती. बाल्कनीत एक म्हातारा माणूस हात उंचावून उभा होता. त्याच्याकडे बघत यशोधनने छातीवर हात ठेवला आणि संचालकाला मान डोलावली.

पहिल्या ओळी सुरेल. मग वरच्या सुराच्या जागी खरखर. मग नुसती हवा. व्हायोलिनं थोडी पुढे गेली आणि थांबली. सभागृहाने सभ्यपणे, आधीपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेतला माणूस पुस्तिका मिटून उठला. इतरांचे फोन वरच होते. रेकॉर्डिंग चालू होतं.

रंगपटात यशोधन कॉलरचं बटण काढत होता. ते निघत नव्हतं. कमलाकर बाल्कनीचे जिने उतरून, धापा टाकत आले.

"पहिल्यांदा काय लावलास रे! दुसऱ्या वेळी जरा घाई झाली. होतं. भल्याभल्यांचं होतं." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढचा प्रयोग कुठे? आता मी येणार. विभा, तिकिटं काढ."

विभा भिंतीकडे बघत राहिली.

यशोधनने तोंड उघडलं. नुसते ओठ हलले.

"राहू दे, बोलू नकोस," कमलाकर म्हणाले. "आवाज जपायला हवा तुला."