चार खुर्च्यांवर एक नीला

साहेब, नीला रोकडेची पक्की नोकरी तुम्ही खाताय, आणि वर तिच्याकडूनच सही मागताय.

मानपाड्याच्या तुमच्या ऑफिसात कारखान्यांच्या टाक्यांची ड्रॉइंगं निघतात. सत्त्याण्णव साली तिथे चार कॉम्प्युटर आले, एका सर्व्हरला जोडले गेले आणि भांडणं सुरू झाली. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याचं त्याचं प्रोफाइल असतं. रेघ किती जाड, अक्षर केवढं, पडदा काळा की पांढरा, असा ज्याचा त्याचा संसार. ड्रॉइंग काढणाऱ्यांपैकी पोपटच्या प्रिंटमध्ये बोल्ट दिसत नसत. गुणाजींच्या प्रिंटमध्ये बोल्टशिवाय काही दिसत नसे. नीलाची प्रिंट तेवढी धड यायची. मग तुम्ही फर्मान काढलंत: नीलाचं प्रोफाइल सर्व्हरवर टाका, सगळ्यांनी तेच वापरा.

खोपटहून कॉम्प्युटरवाला चंदू आला. चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, ह्यात मॅडमचं नाव भरलेलं आहे. आता कोणी पण ड्रॉइंग काढू दे, खालच्या चौकोनात 'काढणार: नीला रोकडे' असंच येणार. उडवू का?"

"राहू दे रे. आधी प्रिंट तर नीट येऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून नीला चार खुर्च्यांवर बसायला लागली. पोपट संध्याकाळी पडदा पांढरा करून जायचा, सकाळी चारही पडदे पांढरे. गुणाजी आल्या आल्या ते काळे करायचे.

"नीलाताई, आज मूड काळा का पांढरा?" पोपट विचारायचा.

"तुझ्या रेघा बघितल्यावर काळाच होतो."

नीला दोन वर्षं टेंपररी होती. दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाने तिच्या ड्रॉइंगचं फोनवर कौतुक केलं. ते तिने एकटीने काढलं होतं. तेवढ्या बळावर ती केबिनमध्ये आली आणि म्हणाली, आता मला कायम करा.

तुम्ही म्हणालात, "ड्रॉइंग कोणी काढलं हे आता कसं सांगणार? प्रोफाइल कॉमन आहे. काम टीमचं आहे. मार्चमध्ये बघू."

नीला मार्चची वाट बघायला लागली.

सहा डिसेंबरला ती आई रमाबाईंना घेऊन चैत्यभूमीच्या रांगेत उभी होती. रजेच्या अर्जावर तुमची सही होती. त्याच दिवशी घाईत एका टाकीचं ड्रॉइंग गेलं. काढलं पोपटने, तपासलं तुम्ही. तपासणाऱ्याच्या नावाचा चौकोन तुम्ही रिकामा सोडलात. टाकी बनून जागेवर बसली तेव्हा पाइप जोडायची तोंडं भिंतीकडे होती. भिंत पाडू का, असं गिऱ्हाइकाने विचारलं.

तुम्ही नीलाला बोलावलंत आणि मेमो पुढे सरकवलात.

"चूक मान्य म्हणून सही करा. कायम करायचं आता मार्चला जमणार नाही."

"साहेब, मी त्या दिवशी रजेवर होते."

"तुम्ही रजेवर होतात, मान्य आहे. पण नाव कामावर होतं ना."

पोपट दारात येऊन उभा राहिला. "साहेब, ती टाकी मी काढलेली."

"तुझं नाव कुठाय त्याच्यावर?"

"नाव नाहीये, पण..."

"मग जा. कामाला लाग."

पोपटने एकदा नीलाकडे बघितलं आणि तो कामाला लागला. त्याच्या पडद्यावर नवं ड्रॉइंग उघडं होतं. खाली नीलाचं नाव.

नीलाने पेनाचं टोपण काढलं नाही. राग आला की तिचा आवाज खाली जातो. तो इतका खाली गेला की तुम्हाला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"साहेब, दिवाळीला हे प्रोफाइल कॉमन होतं. आज ते माझ्या एकटीचं झालंय. मधे ते कधी बदललं?"

तुम्ही फोन उचललात. तो वाजला नव्हता.

"हॅलो," तुम्ही म्हणालात.

नीला थांबली. पलीकडे कोणी नव्हतं, त्यामुळे तुमचं बोलणं लवकर संपलं. तुम्ही फोन ठेवलात. ती तिथेच होती.

"कौतुकाचा फोन आला तेव्हा काम टीमचं, आणि टाकी उलटी बसली की माझं. हे कोणी ठरवलं, तेवढं सांगा. सहीचं मी त्यानंतर बघते."