जोडीची बुडी

वाटूरच्या त्या अंगणात ऊन एकदम येत नसे. आधी ते शेजारच्या पत्र्याच्या कडेवर थबके, मग पाण्याच्या काळ्या टाकीच्या गळ्याशी उतरे, आणि तिथून, कुणाची परवानगी विचारत असल्यासारखे, सारवलेल्या जमिनीवर बोटभर सरके. त्या जमिनीवर झाडूच्या कमानी उमटलेल्या होत्या. ऊन एकेक कमान भरत पुढे येई. बाजेवर जुन्या धोतरावर अनारशांचे भिजवलेले तांदूळ पसरले होते. ऊन त्यांना शिवले तसे काठाचे दाणे आतून उजळल्यासारखे झाले, आणि सासूबाईंनी, नंदाबाईंनी, लगेच बाज मागे सावलीत ओढली. ते तांदूळ सावलीतच सुकवावे लागतात.

ओसरीच्या खांबाला टेकून हरिओम हे पाहत होता. उजेड त्याला बरा वाटे. उजेड नुसता पाहता येतो. तो आपल्याला आत बोलावत नाही.

धोंड्याचा, म्हणजे अधिक महिना होता, आणि लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला पुरणाचे धोंडे जेवू घालण्यासाठी सासरच्यांनी आग्रहाने बोलावले होते. या सुट्टीत बायकोला, शीतलला, एक दिवस पाण्याकाठी न्यायचे, हे त्याने स्वतःच तिला कबूल केले होते. त्याच्या मनात त्या दिवसाचे एक चित्र होते: उंच काठ, झाडाची सावली, खाली दूरवर पसरलेले पाणी आणि दोघेच. पाणी आपल्या जागी, आपण आपल्या जागी.

“शहागडला गोदावरीवर जाऊ,” शीतलचा भाऊ साहेबराव बशीतला चहा फुंकत म्हणाला. “जीप सांगून ठिवली म्या. दाजी, उद्या जल्दी निघू, गंगेत बुडी मारू अन् काठावरच जेवू.”

“बुडी?”

“मंग? धोंड्याच्या महिन्यात नव्या जोडीनं हात धरून गंगेत बुडी मारावी लागती,” नंदाबाई म्हणाल्या. “शीतल कवाची वाट बघून राह्यली, जावईबापू.”

“पाणी कसं आहे तिथे?” त्याने हळूच विचारले.

साहेबरावाने कौतुकाने फोन पुढे केला. मित्राने काढलेला व्हिडिओ होता. उन्हाळ्याने आटलेले, हिरवट, जाड पाणी. त्यात कमरेएवढी बुडालेली माणसे. कुजलेल्या झेंडूच्या माळा. पायरीला कातडीसारखे चिकटलेले कुणाचे तरी सोडून दिलेले लुगडे. एकाने ओंजळ तोंडात घेतली, खळखळवली आणि शेजारणीच्या पुढ्यातच थुंकली. हरिओमने ओठ घट्ट मिटले. दुसऱ्यांच्या अंगावरून ओघळलेला मळ आपल्या ओठांना लागतो आहे, असे त्याला वाटले.

“मी यात उतरणार नाही,” तो म्हणाला. “घाण आहे.”

सुपारी कातरणारा रखमाजींचा अडकित्ता थांबला. “आमच्या बापजाद्यांनी त्याच पाण्यात अंग धुतलं, पाव्हणं,” सासरे शांतपणे म्हणाले. “कोणाला खरूज न्हाई झाली.”

“दाजीसाठी बाटलीबंद गंगा मागवू का मंग?” साहेबराव म्हणाला आणि स्वतःच हसला. शीतल हसली नाही. ती उठून मागच्या दाराने गेली.

दुपारी पानावर वाढलेल्या धोंड्याभोवती तुपाचे तळे साचले. वर माशी बसली, उडाली, पुन्हा बसली. सासऱ्यांचे खाकरणे, मेहुण्याच्या मिशीला लागलेले तूप, वाटीला लागलेला कुणाचा तरी अंगठा, आता सगळ्याचीच शिसारी येऊ लागली. ती एका ठिकाणी थांबेना. माणसे मायेने वाढत होती आणि तो घास गिळताना श्वास रोखून धरत होता. त्या रोखलेल्या श्वासाचीही त्याला किळस आली.

हात धुऊन तो ओसरीवर येऊन बसला, तेव्हा शीतल फोन घेऊन आली.

“मावशीला फोन केल्ता. केदारखेड्याला तिच्या शेताखाली नदीत डोह हाय. बघा.”

मावशीने पाठवलेला व्हिडिओ त्याने पाहिला. पाणी वाळूतून झिरपून येत होते, इतके नितळ की तळाचे खडे मोजता यावेत. काठाला करंजाचे झाड होते.

“तिथं गर्दी न्हाई. आपण दोघंच. वाहतं पाणी असलं की गंगेचं नाव घेऊन बुडी मारली तरी बराबर हाय, असं आई म्हणली.”

त्याने त्या व्हिडिओत घाण शोधली. बोटाने मागे नेऊन पुन्हा शोधली.

“गुरं उतरत असतील.”

“खालच्या अंगाला उतरतात.”

“शेवाळ असेल.”

“कुठं हाय, दाखवा.”

“मासे आहेत. मला ओकारी येते माशांची.”

शीतल त्याच्याजवळ पायरीवर बसली. तिने पदराचा काठ बोटाला गुंडाळला.

“आईनं घास पुढं केला तवा तुम्ही श्वास धरला. म्या बघितलं,” ती म्हणाली. “पाण्याचं निमित्त सांगू नका. आमचीच किळस वाटती का तुम्हाला? तसं असंल तर तसं सांगा. मी जीप नको म्हणून सांगते, अन् परत कवा माहेरी चला म्हणणार न्हाई.”

आत नंदाबाई कुणाला तरी सांगत होत्या, जावयाला गोड सोसत नसंल, उद्या भाकरी करू. तो आवाज त्याला ऐकवेना.

नळाला कधीमधी पाणी येणाऱ्या जालन्यातल्या घरात तो वाढला होता. पाणी त्याला पिंपात, बादलीत, तांब्यात माहीत होते, आणि तांब्यातलेही तो कधी डोक्यावरून घेत नसे. ओल्या हाताने केस पुसून बाहेर येई. हे शीतलने पाहिले असेल, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले.

ऊन सरकत पायरीशी आले होते. ते पायांना लागताच त्याने पाय आत ओढून घेतले.

“तुमची नाही,” तो म्हणाला. “पाणीही स्वच्छ आहे. शीतल, मला पाण्याची भीती वाटते.”