तीन नंबरचा जंपर

शी! झाकण उघडलं आणि मी तोंडच फिरवलं. त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात झुरळांचा भरला संसार, पंख्यात केसांचा गुंता, आणि सगळ्यावर असा चिकट थर की बोट लावावंसं वाटेना. रक्त-लघवी तपासायची लॅब ही! बाहेरची फरशी दिवसातून दोनदा फिनेलने पुसतात, आणि आत हे.

"झालं का?" डॉक्टरांनी दारातूनच विचारलं. लॅब त्यांची, पण आत पाऊल टाकायची त्यांनाही किळस.

"आत्ता कुठे झाकण काढलंय. जरा दम धरा."

काम साधं होतं. हार्ड डिस्क मेली होती, ती मी बदलली. आता जुनं नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, पुन्हा घालायचा, म्हणजे वरच्या मजल्यावर वॉर्डात रिपोर्ट जायला लागतील. हल्लीची कार्डं आपलं आपण ठरवतात. हे म्हातारं तसलं नाही. काम आलं की ते प्रोसेसरला घंटा मारतं. कितव्या नंबरची घंटा, ते कार्डावरच्या दोन पिनांवर प्लास्टिकची एवढीशी टोपी घालून ठरवायचं. त्या टोपीला जंपर म्हणतात. तोच नंबर मग ड्रायव्हरला सांगायचा. साखर तपासायच्या यंत्राची केबल फक्त याच खोक्याला लागते, म्हणून हे धूड अजून जिवंत.

शेजारच्या टेबलावर लॅबच्या ताई राजीनामा लिहीत होत्या. नाकावर नवा कोरा चष्मा. बावीस वर्षं नोकरी केली बाईंनी. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी एका आजोबांची साखर बत्तीस लिहिली. साखर पडली म्हणून वॉर्डात ग्लुकोज चढवलं, आणि आजोबा जास्तच बिघडले. त्याच नळीतलं रक्त दुसरीकडे तपासलं, तर साखर तीनशे बारा! आजोबा वाचले, पण सगळं खापर ताईंच्या डोक्यावर फुटलं. "स्क्रीनवर बत्तीसच होतं," हे त्यांनी कितीदा सांगितलं, पण कोण ऐकतंय? आज दुपारपर्यंत राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खरं सांगू? मलाही वाटत होतं, वय झालं, डोळे गेले, चुकल्या असतील.

झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली होती. आमच्या धंद्यात ही पद्धतच आहे, पुढच्या माणसासाठी. "घंटा तीन. चालतंय. हात लावू नये." अक्षर माझंच. सहा वर्षांपूर्वी मीच कार्ड बसवलं होतं. बरं झालं, डोकं चालवायला नको, म्हणत मी ड्रायव्हरला तीन सांगितलं. कार्डावरचा दिवा लुकलुकला.

"ताई, तपासणीची बाटली लावा." या बाटलीतल्या द्रावणाची साखर ठरलेली असते, अडीचशे. ताईंनी यंत्रात लावली. तेवढ्यात मी साचलेले रिपोर्ट वर पाठवायला घेतले. स्क्रीन माझ्याकडे वळवलेला होता.

वीस.

"पुन्हा लावा." अडीचशे. "अजून एकदा." पन्नास.

यंत्राची केबल खोक्याच्या मागच्या दुसऱ्या खोबणीला, म्हणजे सिरीयल पोर्टला, आणि त्या पोर्टची घंटाही तीनच! शिकाऊ पोरालासुद्धा हे माहीत असतं. रिपोर्ट वर जाताना दोन्ही घंटा एकदम वाजल्या की यंत्राकडून येणारा एखादा आकडा वाटेतच गळायचा. तीनशे बारातला मधला एक गळला की उरतात बत्तीस.

"सकाळी बाटली लावता तेव्हा बरोबर येतं?" मी हळूच विचारलं.

"रोज. तेव्हा वर रिपोर्ट कुठे जात असतात?"

मशीन बंद करून जंपर दहावर घातला, ड्रायव्हरला दहा सांगितलं. दहा वेळा बाटली लावली, रिपोर्टही सोडले. दहाही वेळा अडीचशे.

"झालं का हो?" पुन्हा डॉक्टर.

झालं होतं की. चिठ्ठी फाडायची, झाकण लावायचं, हात धुवायचे. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. ताई कागदाखाली सही करत होत्या. माझ्या बोटांना झुरळांचा वास येत होता, आणि मला त्या झुरळांपेक्षा माझीच जास्त किळस आली.

मशीन परत बंद केलं, जंपर पुन्हा तीनावर घातला, ड्रायव्हरलाही तीन सांगितलं.

"डॉक्टर, आत या. नाक धरून या, पण या."

ते आले. त्यांच्यासमोर बाटली लावली, रिपोर्ट सोडले. पंचवीस. मग पन्नास. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"हे माझं काम," मी म्हणालो. "ही चिठ्ठी बघा. ताईंनी दिसलं तेच लिहिलं."

डॉक्टरांनी ताईंच्या पुढ्यातला कागद उचलून खिशात कोंबला. "उद्या वेळेवर या," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. माफीचा शब्द नाही! थू.

मला वाटलं, ताई रडतील, नाहीतर चार शिव्या घालतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला म्हटलं होतं, कधीकधी आकडा उडतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसून म्हणालात, ताई, चष्मा बदला."

मला आठवलं.

"बदलला," त्या म्हणाल्या. "नंबर तोच निघाला होता."