उन्हात बसवलेली देवी

नालवाडीत भूपेंद्रच्या घरासमोर भरदुपारी रांग लागली होती. नारळ, हळदीकुंकू, मोबाइल. पाटावर मोतीलाल महाराज आणि त्याच्या मांडीवर भूपेंद्रची तान्ही मुलगी. केस कापसासारखे, कातडी गुलाबी. आईबाप दोघंही चांगले सावळे.

"हा रंग नव्हे, तेज आहे तेज!" महाराज गरजला. त्याने पोरीचं तोंड सूर्याकडे केलं. तिने डोळे घट्ट मिटले. "बघा! देवी सूर्याकडेसुद्धा बघत नाही!"

बायका लोटांगण घालू लागल्या.

मी शेजारीच राहतो, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पोरीचे भाजलेले गाल पाहून मला राहवलं नाही. तिला उचलून सावलीत नेलं. तिने हळूच डोळे उघडले आणि माझ्या शर्टाची गुंडी धरली.

"मंग देवी सरायकडं कशी पाहून राह्यली?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तिच्या डोळ्यांत रंगद्रव्य कमी आहे, म्हणून ऊन बोचतं. कातडीचंही तेच."

तेवढ्यात तिची आई रोशनी पुढे आली. "सर, चूप बसा. ही देवी नाई, तं मंग मी कोन? बाळंतपनात 'पोर कोनाचं' म्हनून लोकं मले काय काय बोलले, मालूम हाय ना?"

मी म्हणालो, "रोशनी, रंगाचं जनुक प्रत्येकाला दोनदा मिळतं. एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेलं असलं तरी दुसरं काम भागवतं, माणूस सावळाच दिसतो. तुम्हा दोघांकडे तसं एकेक आहे. हिच्या वाट्याला दोन्ही बिघडलेली आली. आईबाप सावळे असूनही असं मूल होतं."

"पन दोघायकडंबी तेच कसं?" भूपेंद्र म्हणाला.

"तू मामाचीच मुलगी केलीस ना? रोशनीचं माहेर तेच तुझ्या आईचं; ते जनुक तिथूनच दोघांकडे आलं."

सगळे सीताबाईंकडे वळले. भूपेंद्रची आई, रोशनीची सख्खी आत्या. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"माही मोठी बहीन अशीच होती," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "लोकं भुताचं पोर म्हनत. बापानं तिले कदी घराभाईर काढलं नाई."

रोशनी त्यांच्याकडे बघतच राहिली. "आत्या, तुमाले मालूम होतं? मंग मले सारे बोलत होते, तवा चूप काऊन राह्यल्या?"

सीताबाईंनी पदर तोंडाला लावला. महाराजाने पिशवी उचलली आणि 'देवीची लीला' पुटपुटत तो सटकला.

लोक अजूनही दारात नारळ ठेवून जातात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: त्या पोरीचं नाव नंदिनी आहे. तिला सावली द्या, टोपी द्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि मूल कुणासारखं दिसत नाही म्हणून आईकडे बोट दाखवण्याआधी शिकून घ्या, की आपल्या प्रत्येकात न दिसणारंही पुष्कळ असतं.