उतरायची पायरी

आईनं काडी बाहेर ओढली आणि काडीबरोबर तार निघाली. तपकिरी, चिकट, बोटभर लांब. तुटायचं नाव घेईना.

काडी साधी आगपेटीतली. पोळ्यातल्या ज्या घराचं झाकण खचलेलं, काळवंडलेलं दिसतं, त्यात ती घालायची, ढवळायची आणि हळू ओढायची. आतली अळी धडधाकट असेल तर काडी नुसती ओली येते. तार आली तर अळी सडली. आणि ही सड एका पेटीत राहत नाही, मधमाश्याच ती शेजारच्या पेटीत पोचवतात. उपाय एकच. खड्डा खणायचा, संध्याकाळी सगळ्या माश्या घरी आल्या की पेटीचं तोंड बंद करायचं आणि माश्यांसकट पेटवून द्यायची.

"ही कुणाची पेटी?" आईनं विचारलं. तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"माझी," थोरली म्हणाली.

धाकटी दोन पावलं मागं, माश्या शांत करायचा धुराचा डबा धरून उभी होती. डबा विझत आला होता, तिचं लक्ष नव्हतं. पेटी थोरलीची होती, पण तिच्यातली सड धाकटीनं आणलेली होती, आणि हे त्या माळावर फक्त धाकटीला माहीत होतं.

मुळात सगळं सुरू झालं ते शाळेतल्या एका भाषणानं. चकचकीत बूट घालून कुणी एक मार्गदर्शक आला होता. मुलांना लांबचं ध्येय द्या, पायऱ्या आखून द्या, असं सांगून, चहा पिऊन तो गेला. असले लोक भाषण ठोकून जातात, निस्तरायला घरचे उरतात. आईनं मात्र ते मनावर घेतलं. घर मधावर चालत होतं आणि उद्या पोरींनीच ते चालवायचं होतं. तिनं अवजारांच्या खोलीतल्या भिंतीवर कोळशानं दोन शिड्या काढल्या. दोघींना एकेक पेटी दिली. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. सगळ्यात वर, पायऱ्या संपतात तिथं, जिनं तिनं आपलं ध्येय लिहायचं.

थोरलीनं लिहिलं, 'स्वतःच्या पेट्या, स्वतःची जागा.'

धाकटीनं लिहिलं, 'ताईच्या पुढे.'

आई पोट धरून हसली. "अशी जिद्द पाहिजे!" मध न्यायला येईल त्याला ती भिंत दाखवायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पोरीनं आपलं दुखणं भिंतीवर लिहून दिलं होतं आणि आईनं त्याला जिद्द म्हणून टाकलं. मोठ्या माणसांना पोरांच्यात जे हवं असतं तेवढंच दिसतं.

रोज जेवताना ती दोघींना प्रश्नांनी सोलून काढायची. धाकटी म्हणाली, मी पेटी ओढ्याकडं हलवणार, की आई म्हणे, "आणि मग?" मग तिथं फुलं जास्त. "आणि मग?" मग मध जास्त. "आणि मग?" घास हातात राहायचा आणि उत्तर संपायचं. थोरली सावकाश विचार करून बोलायची. धाकटी तिला गोगलगाय म्हणायची.

धाकटीनंही विचार केला. पोळं बांधण्यात माश्यांची सगळी ताकद जाते. बांधलेलं पोळं आयतं मिळालं तर? कुंपणापलीकडं शेजारच्या म्हाताऱ्याच्या पेट्या ओस पडल्या होत्या. माश्या मेलेल्या, म्हातारा लेकाकडं गेलेला, पोळी मात्र शाबूत. "तिकडं फिरकायचं नाही," असं आईनं एकदा दटावलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. कारण सांगायला तिला वेळ नव्हता. ध्येय सांगायला मात्र रोज होता. तिकडच्या माश्या कशानं मेल्या, हे धाकटीनं कुणाला विचारलं नाही. पोत्यात घालून तिनं त्या पोळ्यांच्या चौकटी आणल्या आणि गुपचूप आपल्या पेटीत बसवल्या.

तिची पेटी फुगली. आई हरखून गेली. त्याच पेटीतली अळ्यांनी भरलेली एक चौकट काढून तिनं थोरलीच्या अशक्त पेटीला आधार म्हणून दिली.

"कुठून आणलीस ही घाण?" आता आई थोरलीवर गरजत होती. "कुणाचं जुनं पोळं घातलंस आत?"

"मी काहीच घातलं नाही, आई."

"मग काय आभाळातून पडलं?"

"तू दिलेली चौकट तेवढी आहे. बाकी सगळं माझ्या माश्यांचं."

"मी दिलेली? म्हणजे हिच्यातली?" आईनं धाकटीच्या पेटीकडं हात केला. "अगं, उतू चाललीय ती! आपलं झाकायला दुसरीच्या अंगावर ढकलू नकोस. शोभत नाही तुला."

थोरलीनं धाकटीकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. धाकटीनं नजर डब्यात घातली.

आईनं फावडं उचललं आणि खणायला लागली. ऊन कललं होतं. माश्या परतत होत्या, पायांना पिवळा पराग लावून, काहीच माहीत नसल्यासारख्या आत शिरत होत्या.

बोलायचं नाही, धाकटीनं ठरवलं. मूग गिळून बसायचं. ताईची पेटी जळेल. आणि मग? शिडीवर ती खाली, मी वर. आणि मग? माझ्या पेटीतल्या अळ्याही मरतायत, आज झाकलंय, उद्या माश्या कमी पडतील. आणि मग? कमी पडल्या की आईच्या पेट्यांच्या रांगेतल्या माश्या येऊन मध लुटतील, सड घेऊन जातील. आणि मग? प्रश्न आईचा, आवाजही आईचा, आणि तो थांबेना. शेवटी सगळा माळ रिकामा दिसला. भिंतीवर तेवढं लिहिलेलं, ताईच्या पुढे.

"आई," ती म्हणाली. "खड्डा मोठा खण."

"काय?"

"मोठा खण. माझीपण पेटी टाकायचीय."

मग तिनं सांगितलं. कुंपण, पोतं, चौकटी, सगळं. आईच्या हातात फावडं तसंच राहिलं. ते आपल्या अंगावर येणार असं धाकटीला वाटलं. ते आलं नाही. मातीत खचकन रुतलं.

"वास आला असेल की तुला! सडक्या सरसासारखा."

"आला होता."

"कधी?"

"फुलोऱ्याच्या आधी."

"आणि तेव्हापासून दातखीळ बसली होती? दोन वर्षं कंठशोष करतेय, पुढचं बघा, पुढचं बघा—"

"पुढचंच बघत होते!" धाकटीचा आवाज फाटला. "सांगितलं असतं तर मी खाली आले असते. तुझ्या शिडीला उतरायची पायरी कुठाय? एकाच्या दोन, दोनाच्या चार. चाराची परत एक झाली तर कुठं उभं राहायचं? ते काढलंयस तू?"

आईनं रुतलेलं फावडं उपटून बाजूला टाकलं.

"भांडण नंतर करा," थोरली म्हणाली. तिनं आगपेटी उचलली होती. "आई, हिच्या पेटीतल्या चौकटी अजून कुठं दिल्यास?"

आईनं आपल्या रांगेकडं पाहिलं. "कडेच्या दोनात." मग थांबली. "जुनीत नाही दिली. बहुतेक."

जुनी म्हणजे रांगेतली पहिली पेटी. माळावरच्या सगळ्या राण्या तिच्यातूनच निघालेल्या. ती गेली तर आईचं अर्धं आयुष्य गेलं.

"बहुतेक म्हणजे?" थोरलीनं विचारलं.

"म्हणजे आठवत नाही!"

कडेच्या दोन्हींत तार निघाली. जुनीचं झाकण आईनं इतक्या घाईनं उपसलं की माश्या खवळल्या. थोरलीनं काडी धाकटीपुढं धरली.

"तू घाल."

"मी का?"

"वास तुला ओळखीचा आहे. आणि आता खोटं बोलून तुझ्या पदरात काही पडायचं नाही."

धाकटी वाकली. चौकट सुरेख भरलेली होती, एकसारखी. कोपऱ्यात एकच झाकण खचलेलं. एकच. तिनं काडी घातली, ढवळली. आई दोन पावलं लांब, पाठ करून उभी होती. तिला बघवत नव्हतं. ओली आली म्हटलं असतं, तर तिनं मागं वळून खात्रीही केली नसती. आज रात्री तरी ती झोपली असती.

धाकटीनं काडी ओढली. तार केसासारखी बारीक आली, लांबली, लांबतच राहिली.

"आई," ती म्हणाली, "हीपण."