बिघाड माझ्यात नव्हता

मी गोदूबाईंचं ऐकायचं यंत्र बोलतोय. हो, बोलतोय! इतकी वर्षं सगळ्या जगाचं बोलणं त्यांच्या कानात पोचवलं, आज जरा माझंही ऐका.

दिसायला मी काही राजबिंडा नाही. काड्यापेटीहून थोरली एक पत्र्याची डबी, पोटात सेल, आणि डोक्यातून निघून कानापर्यंत गेलेली वायर. छातीवर पिशवीत लोंबकळत राहायचं, हा माझा जन्म. १९६२ साली मी बेंगळुरात चामराजपेठेतल्या एका घरात आलो.

खरं सांगू? मला आणलं ते गोदूबाईंच्या कानासाठी नव्हेच, त्यांच्या यजमानांच्या गळ्यासाठी. बिंदुमाधवराव पोस्टातून निवृत्त झालेले, मुळातले अगदी हळू बोलणारे गृहस्थ. पण बायकोचे कान गेल्यापासून दहा वर्षं बिचारे ओरडत होते. "अगं, लिंबू आहे का घरात?" असं त्यांनी विचारलं की शेजारच्या घरातून गंगव्वा लिंबू घेऊन यायची. शेवटी डॉक्टरांनी घसा तपासून बजावलं, "आणखी सहा महिने असंच ओरडलात तर आवाज कायमचा जाईल."

हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगणार कसं? सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि मग अख्ख्या गल्लीला कळणार.

गोदूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. "मला ऐकू येतं हो. आजकाल लोकच पुटपुटतात."

यंत्र बसवून देणाऱ्या नीलाबाईंनी मला त्यांच्या कानात घातलं आणि जो काही गोंधळ उडाला! नळ, कावळे, रस्त्यावरचा टांगा, स्वतःच्याच लुगड्याची सळसळ, सगळं एकाच वेळी डोक्यात घुसलं. त्यात बिंदुमाधवराव म्हणाले, "ऐकू येतंय का?"

"अय्यो! हा कोण बोलतोय?" गोदूबाई किंचाळल्या. "यांचा आवाज असा नाही. फाटकं यंत्र दिलंत!"

मी आणि फाटका? नवाकोरा होतो मी!

नीलाबाईंनी समजावलं, "अक्का, यंत्र फक्त आवाज पोचवतं. त्यातून नेमकं काय ऐकायचं, ते डोकं निवडतं. तुमचं डोकं दहा वर्षं सुट्टीवर होतं, त्याला पुन्हा कामाला लावायचं. रोज यंत्र घाला. अण्णांनी मागे बसून बोलायचं, तुम्ही न बघता ओळखायचं."

झालं, शिकवणी सुरू. दुपारी गोदूबाई भिंतीकडे तोंड करून बसत आणि बिंदुमाधवराव मागून भाज्यांची नावं घेत. पहिला आठवडा त्यांनी बटाटा म्हटलं तरी वांगं, भेंडी म्हटलं तरी वांगं. अख्खा बाजार एका वांग्यावर आटोपायचा!

पण खरी अडचण होती सकाळची. गोदूबाईंचं सोवळं कडक. इकडे त्याला मडी म्हणतात. आंघोळ करून स्वयंपाकघरात शिरल्या की जेवणं होईपर्यंत कशाला म्हणून शिवायच्या नाहीत. माझी पिशवी चामड्याची, मग मला कोण आत घेणार? मी खुंटीवर. आणि त्या नवरा-बायकोचं निम्मं बोलणं व्हायचं ते नेमकं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर! म्हणजे तिथे पुन्हा ओरडणं आलंच. खुंटीवरून मला तो घसा खरवडताना ऐकू यायचा आणि जीव नुसता तळमळायचा.

तरी दुपारच्या शिकवणीनं काम केलं. महिन्याभरात नळ मागे सरकला, कावळा कावळ्यासारखा ओरडू लागला, गंगव्वाचं बोलणं लख्ख कळू लागलं. मी तसूभरही बदललो नव्हतो, बदललं ते गोदूबाईंचं डोकं. भाज्या तर आता दहापैकी नऊ बरोबर. तक्रार एकच उरली होती आणि ती घेऊन, यजमानांनाही ओढत, त्या तणतणत नीलाबाईंकडे गेल्या.

"हे बदलून द्या बघू. सगळ्यांचं नीट ऐकू येतं, यांचाच आवाज तेवढा फाटका येतो!"

नीलाबाईंनी मला स्वतःच्या कानाला लावलं, बिंदुमाधवरावांना बोलायला सांगितलं. मग मला काढून पुन्हा बोलायला सांगितलं. मला परत गोदूबाईंच्या गळ्यात अडकवून त्या म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे, अक्का. अण्णांचा आवाजच असा झालाय."

"असा म्हणजे? कधीपासून?"

बिंदुमाधवरावांनी मान खाली घातली. मग हळूच, अगदी हळू, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

आणि गोदूबाईंना ते अक्षर न् अक्षर ऐकू आलं. मी त्यांच्या छातीवरच होतो. तिथली धडधड मी पकडली आणि त्यांच्याच कानात नेऊन सोडली. मला फार वाईट वाटलं हो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या रेशमी लुगड्याचा काठ फाडून मला नवी पिशवी शिवली. रेशमाला विटाळ नसतो ना! शुद्धीसाठी पाण्याचे चार शिंतोडेही उडवले. मेलोच असतो! पण मी आत गेलो. साक्षात मडीच्या स्वयंपाकघरात!

बिंदुमाधवराव उंबऱ्यावर आले, छाती भरून घेतली आणि सवयीनं ओरडले, "अगं, ताक..."

गोदूबाईंनी पळीसुद्धा हलवली नाही. ते पुन्हा ओरडले. ह्या ढिम्म! ऐकू सगळं येत होतं, मला विचारा. शेवटी ते कंटाळून स्वतःशीच पुटपुटले, "ताक मिळेल तर बरं."

ताकाचा पेला लगेच उंबऱ्यावर आला.

आता शिकवणी त्यांची! ओरडलं की मिळायचं काही नाही, हळू बोललं की सगळं हजर. आठ दिवसांत गडी सुतासारखा सरळ झाला. गल्लीची मात्र पंचाईत झाली. गंगव्वा काळजीनं विचारायला आली, "अक्का, भांडण झालं का काय? चार दिस झाले, तुमच्या घरातलं कायच कळंना. स्वल्प जोरात बोला की!"

चार महिन्यांनी डॉक्टरांनी घसा बघितला आणि म्हणाले, सूज उतरली, आवाज वाचला. पण नुसत्या डॉक्टरांच्या सांगण्यावर गोदूबाईंचा कुठला विश्वास बसायला? एका सकाळी बिंदुमाधवराव उंबऱ्यावर येऊन नेहमीसारखं हळू म्हणाले, "आज पाऊस येईलसं वाटतंय."

गोदूबाईंच्या हातातली पळी हातातच राहिली.

"पुन्हा बोला."

"पाऊस येईलसं..."

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज होता तुमचा." आणि सोवळ्याच्या पदरानं डोळे पुसत त्यांनी तेच वाक्य आणखी तीनदा बोलून घेतलं. बाहेर तर लख्ख ऊन पडलं होतं.

आता १९६९ उजाडलंय. माझ्या वायरी बदलल्या, डबीला पोचे आले, पोटात अधूनमधून खरखर होते. कधी थांबेन नेम नाही. जाण्याआधी एकच मागणं. माझ्या भाऊबंदांपैकी कुणाला घरी आणलंत, तर दोन दिवसांत कंटाळून खुंटीला टांगू नका. डोक्याला शिकायला महिनाभर तरी द्या. आणि त्यानंतरही एखाद्याचा आवाज फाटका आला, तर मला नावं ठेवण्याआधी त्याला विचारा, बाबा रे, घसा का बसलाय तुझा?