खिडकीला पाच तारे

सासऱ्यांनी टेबलावर नकाशा पसरला, तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला अंड्याचा बलक वाळून चिकटलेला होता. कुठल्या सालातला, देव जाणे. एल्सी तिच्या उंच खुर्चीतून वाकून नेमका तोच कोपरा चोखायला बघत होती. मी खुर्ची मागे ओढली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझे सासरे, डेरेक, अकरा वर्षांचे असल्यापासून इंजिनांचे नंबर टिपतात. आता चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत. त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात देशातल्या सगळ्या इंजिनांचे नंबर छापलेत, आणि जे पाहिलं त्याखाली लाल रेघ. नियम एकच: नंबर स्वतःच्या डोळ्यांनी अख्खा वाचला तरच रेघ मारायची. फोटो चालत नाही, मित्राची शपथ चालत नाही. एका जातीची शेहेचाळीस इंजिनं होती, त्यांतल्या पंचेचाळिसांखाली रेघा आहेत. राहिलंय ते ११२. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ते कर्कब्रो जंक्शनवरून शेवटचं धावणार आणि तिथून थेट भंगारात जाणार.

म्हणून ही सहल. मी, नवरा स्टुअर्ट, दहा महिन्यांची एल्सी आणि डेरेक. गाडी किती वाजून किती मिनिटांनी येणार आणि ऊन कुठल्या बाजूने पडणार, हे बापलेकांनी ठरवायचं. राहायचं-खायचं बघायचं काम माझ्याकडे आलं होतं. पण तेही परस्पर ठरून गेलेलं. ‘ब्लॅक रॅम’ नावाच्या पबवरची तीन नंबरची खोली. तिच्या खिडकीतून जंक्शनचे सगळे रूळ दिसतात, आणि डेरेकच्या खुब्याला दहा मिनिटांवर उभं राहणं झेपत नाही. खिडकीशी खुर्ची टाकून बसता येईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

“इंजिनं टिपणाऱ्यांच्या मंडळाच्या पत्रकात नऊ जणांनी पाच तारे दिलेत,” स्टुअर्ट म्हणाला.

मी ते नऊच्या नऊ अभिप्राय वाचले. ‘उत्कृष्ट जागा. दोन तासांत एकवीस मालगाड्या.’ ‘याहून चांगली खोली उत्तरेत नाही, सिग्नल अगदी समोर.’ गादी, न्याहारी, न्हाणीघर, याबद्दल नऊ जणांत मिळून एक शब्द नव्हता. मी ते बोलून दाखवलं, तर डेरेक म्हणाले, तक्रार असती तर लिहिली असती की कोणीतरी.

जानेवारीत एल्सी छातीच्या संसर्गाने अकरा दिवस दवाखान्यात होती, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलं होतं: ओल नको, बुरशी नको, धूर नको. तेव्हापासून मी पाहुण्यांच्या कोटांचासुद्धा वास घेते. स्टुअर्टला ते चेष्टेचं वाटतं. मी त्याला म्हटलं, मंगळवारी मी एकटी जाऊन खोली बघून येते. तो म्हणाला, जा बाई, भिंग घेऊन जा.

एल्सीला आईकडे ठेवून मी गेले.

पबच्या दारातच बुटाचा तळवा गालिच्याला चिकटला आणि उचलताना चर्र आवाज आला. टेबलावरच्या सॉसच्या बाटल्यांच्या तोंडांवर काळी खपली धरलेली. मालकीण मिसेस ग्रिमशॉ, साठीच्या, मायाळू बाई. हातातल्या फडक्याने त्यांनी आधी म्हाताऱ्या कुत्र्याची लाळ पुसली, मग त्याच फडक्याने माझ्यासाठी कप पुसला. “बस पोरी, दमून आलीस,” म्हणाल्या. चहा मी कुंडीत ओतला. कुंडीतलं झाड आधीच मेलेलं होतं.

दुपारचं जेवण म्हणून काचेखाली पोर्क-पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेले जाड पारीचे गोल कानवले, ठेवलेले होते. त्यातल्या एकाच्या कडेने करडा रस्सा गोठून बाहेर आला होता, आणि त्या थिजलेल्या रश्शात एक माशी पाय दुमडून बसल्यासारखी अडकली होती. मी विचारलं, बाळाचं दूध ठेवायला फ्रिज मिळेल का. त्यांनी मोठ्या आनंदाने उघडून दाखवला. वरच्या खणात लोणी. खाली मिस्टर ग्रिमशॉंचा मासेमारीचा डबा, झाकणाला भोकं पाडलेला. झाकणातून वळवळ दिसत होती. गळाला लावायच्या अळ्या, पांढऱ्या आणि काही गुलाबी रंगवलेल्या.

“थंडीत झोपून राहतात गं त्या,” त्या म्हणाल्या. “बाहेर नाही येत सहसा.”

सहसा.

तीन नंबरची खोली वरच्या मजल्यावर. दार उघडल्याबरोबर ओल्या लोकरीचा वास नाकात बसला. बाळाचा पाळणा खिडकीखाली मांडून ठेवला होता, त्यांनी मुद्दाम, माझ्यासाठी. मी पाळणा सरकवला. मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी चढलेली, मखमलीसारखी, हात फिरवावा अशी. न्हाणीत टबाच्या भोकाशी कोणाच्या तरी बोटाची जखमपट्टी केसांच्या गुंत्यात अडकून पडली होती. मी बाहीने नाक धरलं. आणि या सगळ्या घाणीत खिडकीची काच मात्र लख्ख. आतून बाहेरून घासलेली, एक ठिपका नाही. दर सकाळी व्हिनेगरने पुसते, मिसेस ग्रिमशॉ म्हणाल्या. गिऱ्हाइकं फक्त तेवढंच बघतात.

खिडकीशी पाहुण्यांची वही होती. मी चाळली. पानोपानी नंबर आणि वेळा. मग दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातलं एक पान आलं, आणि त्यावर सासऱ्यांचे मित्र लेनर्ड यांची सही. त्यांनी लिहिलं होतं: ‘३ वाजून ७ मिनिटं. ११२ गेलं! डेरेक संडासात. कालच्या पोर्क-पायने रात्रभर तिथेच. हाका मारल्या, वेळेत पोचला नाही.’

त्याखाली डेरेकचं टपोरं अक्षर होतं: ‘पाहिलं नाही. धरायचं नाही. खोली उत्तम.’

मी ते तीनदा वाचलं. मग फोनने फोटो काढला आणि खाली उतरले. मिसेस ग्रिमशॉंनी बिस्किट पुढे केलं, ते मी हातात घेतलं आणि स्टेशनाबाहेरच्या कचरापेटीत टाकलं. गाडीत बसल्यावर हात दोनदा धुतले, तरी घरी पोचेपर्यंत ते अंगापासून लांब धरून बसले होते.

संध्याकाळी फोटो टेबलावर ठेवला. स्टुअर्टने पाहिला आणि हसला. त्याला सगळं ठाऊक होतं. लेनर्ड ही गोष्ट मंडळात दरवर्षी सांगतात म्हणे. मला त्या अळ्यांची आली नव्हती एवढी किळस त्या हसण्याची आली. एका माणसाला जिथे रात्रभर उलट्या-जुलाब झाले, तिथे हे दोघं माझ्या लेकीला न्यायला निघाले होते आणि नकाशावर बोटं फिरवत मला म्हणत होते, राहायचं तेवढं तू बघ.

मी बुरशीचं सांगितलं. मखमलीपर्यंत सांगितलं. स्टुअर्ट म्हणाला, दोन रात्रींचा तर प्रश्न आहे, पाळणा या भिंतीला लावू.

डेरेक फोटोकडेच बघत होते. “मी तेव्हा ते पोर्क-पाय दोन खाल्ले होते,” ते म्हणाले. “दोष माझा पण असेल.”

“तुम्ही त्या पुस्तकात न पाहिलेल्या नंबराखाली रेघ मारली नाहीत,” मी म्हटलं. “लेनर्डनी शपथ घेतली तरी नाही. मग माझ्यापुढे कसे गप्प बसलात? तिला श्वास लागला असता तर तिथून दवाखाना किती लांब आहे, ते तरी बघितलं होतं?”

गाड्यांच्या वेळा डेरेकना सेकंदासकट पाठ होत्या. दवाखाना किती लांब, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

स्टुअर्ट म्हणायला लागला की मग बाबांनी कुठे बसायचं, फलाटावर तासभर उभं राहायचं का, उगाच एवढ्या तेवढ्यावरून. डेरेकनी त्याला हाताने थांबवलं.

“सांगितलं असतं तर तू आली नसतीस,” ते मला म्हणाले. “आणि पोर आली नसती. शेवटचं इंजिन. मला वाटलं, ती मांडीवर असावी.” मग म्हणाले, “फोन दे.”

त्यांनी ब्लॅक रॅमला फोन लावला. आधी खिडकीचं कौतुक केलं, इतका वेळ की मला वाटलं हा माणूस आता सगळं तसंच ठेवणार. मग ते म्हणाले, “पण मार्जरी, तुझ्या जेवणाने मी दोन वर्षांपूर्वी मरायला टेकलो होतो. आणि तुझ्या भिंतीला बुरशी आहे. त्या खोलीत लहान मूल ठेवायचं नाही. कोणाचंच नाही. मी हे मंडळाच्या पत्रकात लिहिणार आहे.”

पलीकडून मिसेस ग्रिमशॉंचा आवाज आला, बारीक झालेला. “पण डेरेक, काच तर बघितलीस ना?”

“काच उत्तमच आहे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतर ते बसून राहिले, दोन्ही हात नकाशावर. आता त्या खिडकीत मला कोणी बसू देणार नाही, म्हणाले, मंडळातलेसुद्धा बोलायचे नाहीत कदाचित. मी माफी मागितली नाही आणि सांत्वनही केलं नाही. कागद ओढला आणि नवा बेत लिहायला घेतला. सकाळी निघायचं, रात्री घरी. जेवण घरून, बंद डब्यांत. डेरेकसाठी फलाटाच्या टोकाला घडीची खुर्ची. तिथे दुपारी ऊन डोळ्यांवर येतं, डेरेकनी कुरकुर केली, नंबर वाचता आला नाही तर? मी म्हटलं, टोपी घाला. ती मी धुऊन देते.

मग मला आठवलं की फलाटावर संडास आहे, आणि तो मी पाहिलेला नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा कर्कब्रोला जायचं, असं मी सगळ्यात वर लिहिलं.